आकडा कोण काढतो?

जुगारातला पुढचा आकडा आधी सांगता येतो का, हा प्रश्न आपल्या विदर्भाला फार जुना आहे. महाभारताच्या वनपर्वातली नल-दमयंतीची कथा सर्वांना ठाऊक असते. नल द्यूतात राज्य हरतो, वनात जातो आणि पुढे अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे रथातून विदर्भाकडे निघतात. वाटेत बेहड्याचे एक झाड लागते. ऋतुपर्ण त्या झाडाकडे नुसते पाहून पाने किती, फळे किती ते सांगतो. नल रथ थांबवून मोजून पाहतो, तर संख्या बरोबर निघते. मग ऋतुपर्ण त्याला 'अक्षहृदय', म्हणजे फाशांचे मर्म शिकवतो. या विद्येच्या बळावर नल पुढे आपले राज्य परत जिंकतो.

झाडावरची फळे मोजणे आणि फाशांचा खेळ जिंकणे यांचा संबंध काय? वैदिक काळात बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरत. अभ्यासकांनी या खेळाची जी पद्धत मांडली आहे ती अशी : ढिगातून काही फळे उचलायची आणि त्यांच्या संख्येला चाराने भागायचे. बाकी शून्य उरली तर 'कृत', तीन उरली तर 'त्रेता', दोन उरली तर 'द्वापर' आणि एक उरली तर 'कली', म्हणजे हार. ज्याला ढिगाकडे पाहून क्षणात संख्या कळते त्याच्यापुरता हा खेळ नशिबाचा राहत नाही. समोरच्यासाठी मात्र तो नशिबाचाच असतो. फळे तीच, नियम तोच. फरक फक्त कोणाला काय माहीत आहे एवढ्याचाच.

आजच्या जुगारघरातल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांना हीच गोष्ट लागू पडते. त्या यंत्रांच्या पोटातही भागाकार होतो आणि बाकी काढली जाते. ती बाकी कोणाला आधी कळू शकते, यावर यंत्राची सुरक्षितता ठरते. तिचा इतिहास आपण मुंबईच्या मटक्यापासून पाहू, कारण आकडा काढण्याच्या जवळजवळ सगळ्या पद्धती आणि त्यांतले सगळे दोष त्या एका खेळात पाहायला मिळतात.

कापसाचा भाव

कापूस आपल्याकडे पिकतो, पण त्यावरचा आकडा एके काळी न्यूयॉर्कला ठरत असे. तिथल्या कापूस बाजारात भाव उघडताना किती आणि बंद होताना किती, हे टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजाराला कळवले जाई. या भावातल्या अंकांवर मुंबईत पैसे लावले जात. यालाच 'आकडा' म्हणत.

आकडा काढण्याची ही पद्धत वरवर पाहता चांगली होती. भाव दूर देशी ठरतो, मुंबईतल्या कोणाचा त्यावर ताबा नाही आणि भावाचा शेवटचा अंक सांगणे व्यापाऱ्यालाही कठीण. पण तिच्यात एक उणीव होती. मुंबईला कळण्याआधी तो आकडा न्यूयॉर्कला माहीत झालेला असतो. ज्याच्या हाती बातमी आधी पडेल तो ऋतुपर्ण होतो.

दुसरी उणीव अमेरिकेत दिसली. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत असाच आकड्यांचा खेळ चाले, आणि त्यासाठी बँकांच्या क्लिअरिंग हाउसच्या बेरजांतले अंक घेत. पुढे घोड्यांच्या शर्यतीवर लागलेल्या एकूण रकमेतले अंक वापरात आले. १९३० च्या दशकात डच शुल्ट्झ या गुंडाच्या टोळीत ऑटो बर्मन नावाचा हिशेबात तरबेज माणूस होता. शर्यतीच्या शेवटच्या क्षणी किती पैसे लावले म्हणजे बेरजेचा अंक हवा तसा बदलेल, हे तो मनातल्या मनात काढी. लोकांनी ज्या आकड्यावर कमी पैसे लावले असतील तो आकडा अशा रीतीने आणला जाई. आकडा सर्वांसमोर जाहीर होत असला, तरी त्याला धक्का देता येत होता.

यावरून आकडा काढणाऱ्या कोणत्याही पद्धतीला विचारायचे तीन प्रश्न मिळतात. सगळे आकडे सारख्या प्रमाणात येतात का? पुढचा आकडा कोणाला आधी कळू शकतो का? आणि तो कोणाला वळवता येतो का? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर समाधानकारक आले म्हणजे बाकीच्या दोघांचेही येते, असे मुळीच नाही.

मातीचे मडके

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या भावांचा आधार तुटला आणि मुंबईतल्या आकडेवाल्यांना स्वतःच आकडा काढण्याची वेळ आली. कच्छमधून आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळीत मटका सुरू केला. १९६४ साली रतन खत्री यांनी 'न्यू वरळी' मटका काढला. शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात घालून काढत, म्हणून 'मटका' हे नाव पडले. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, मडके गेले, नाव मात्र राहिले. गिरणगावातल्या कामगारांत हा खेळ घरोघरी पोचला होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तसे त्याचे तिथले गिऱ्हाईकही ओसरले.

पत्त्यांची रीत अशी : चित्रांची पाने बाजूला काढायची, एक्क्याला एक आणि दश्शीला शून्य धरायचे. तीन पाने ओढायची, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा एकं स्थानचा अंक घ्यायचा. समजा तिर्री, छक्की आणि अठ्ठी निघाली. बेरीज १७, म्हणून आकडा ७. संध्याकाळचा अंक 'ओपन', रात्रीचा 'क्लोज' आणि दोन्ही मिळून 'जोडी'.

बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे बेरजेला दहाने भागून उरलेली बाकी. मग शून्य ते नऊ हे अंक सारख्या प्रमाणात येतील का? नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न जरूर घालावा. मुले बहुधा म्हणतात की मधल्या बेरजा जास्त वेळा येतात, म्हणून काही अंक जास्त येतील. त्यांची शंका योग्य आहे, पण उत्तर वेगळे निघते. निघालेल्या तिन्ही पानांचा अंक एकाने वाढवा, आणि नऊ असेल तर शून्य करा. बेरजेचा शेवटचा अंक तीनने पुढे सरकतो. असे दहा वेळा करत गेलो तर अंक ७, ०, ३, ६, ९, २, ५, ८, १, ४ असे फिरून सर्व दहा घरांना एकेकदा भेट देतात. प्रत्येक अंकाची पाने गड्डीत सारखीच असल्यामुळे ७ देणाऱ्या प्रत्येक तिकडीमागे तितक्याच शक्यतेची, ० देणारी एक तिकडी असते. तसेच इतर अंकांचे. म्हणून वाटणी अगदी सारखी होते. तिन्ही पाने वेगवेगळी असलेल्या १२० तिकड्या लिहून मोजल्या, तर प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर १२ येतात.

पहिल्या प्रश्नात मटका असा उत्तीर्ण होतो. तिसऱ्यात मात्र तो अडतो. कोणत्या आकड्यावर किती पैसे लागले याचा हिशेब ज्याच्याकडे, पाने काढणेही त्याच्याच हाती. त्याने हातचलाखी केली तर ती आकड्यांच्या यादीत दिसणार नाही. खत्री यांनी जमलेल्या लोकांदेखत पाने काढण्याची पद्धत ठेवली आणि त्यामुळे त्यांच्या मटक्यावर लोकांचा विश्वास बसला, असे सांगतात. तिऱ्हाइताच्या डोळ्यांदेखत पान निघणे, एवढीच त्या खेळातली सुरक्षितता होती. सरकारी सोडतीही पुष्कळ वर्षे फिरत्या पिंपातून किंवा चक्रांवरून लोकांसमोर काढल्या जात, त्याचे कारणही हेच.

नियमाने काढलेले नशीब

यंत्राच्या पोटात मडके नसते. संगणक दिलेला नियम पाळतो. त्याला 'काहीतरी एक आकडा काढ' असे सांगता येत नाही. मग तो यादृच्छिक, म्हणजे मनात येईल तसा वाटणारा आकडा काढतो कसा?

हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रज्ञांना पडला. त्याआधी असे आकडे छापील तक्त्यांतून घेत. लंडनच्या टिपेट यांनी १९२७ साली जनगणनेच्या अहवालांतले अंक उचलून ४१,६०० अंकांचा तक्ता छापला होता. पण संगणकाला लाखो आकडे भराभर हवे होते. जॉन फॉन नॉयमन यांनी एक सोपी युक्ती सुचवली. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, वर्गाचे मधले चार अंक घ्या. ती पुढची संख्या. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६, म्हणून पुढची संख्या ५२२७. तिचा वर्ग २७३२१५२९, म्हणून पुढची ३२१५, मग ३३६२. पाहणाऱ्याला यात काही क्रम दिसत नाही.

पण २१०० पासून सुरुवात करून पाहा. ४१००, ८१००, ६१०० आणि पुन्हा २१००. यंत्र इथे कायमचे गोल फिरत राहते. ३७९२ तर त्याहून वाईट : तिचा वर्ग १४३७९२६४, म्हणजे मधले अंक पुन्हा ३७९२.

त्याच सुमारास नाशिकजवळच्या देवळाली इथे द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर चार अंकी संख्यांवरच एक वेगळा खेळ करत होते. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहायचे आणि वजाबाकी करायची. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७; मग ८७३० − ०३७८ = ८३५२; मग ८५३२ − २३५८ = ६१७४. चारही अंक सारखे नसतील तर कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबते. कापरेकरांनी हा शोध १९४९ साली मांडला. फॉन नॉयमन यांना जो दोष वाटला असता तोच इथे सौंदर्य ठरला, पण धडा एकच आहे : नियमाने चालणारी संख्या कितीही भटकताना दिसली, तरी तिची वाट ठरलेली असते.

१९४९ च्या सुमारास अमेरिकेतल्या डी. एच. लेमर यांनी अधिक चांगला नियम दिला. आधीच्या संख्येला एका ठरलेल्या संख्येने गुणायचे आणि गुणाकाराला दुसऱ्या ठरलेल्या संख्येने भागून बाकी घ्यायची. पुढे त्यात एक बेरीजही जोडली गेली. ही पद्धत पुढची कित्येक दशके जगभर वापरात होती. तिचे लहान रूप फळ्यावर करता येते. संख्येला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. ७ पासून निघालो तर असे आकडे मिळतात :

७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि पुन्हा ७.

शून्य ते पंधरा प्रत्येक आकडा एकदाच आला. वाटणी याहून सारखी असूच शकत नाही. पण आकडे नीट पाहा : विषम, सम, विषम, सम. एकी-बेकीवर पैसे लावणाऱ्याने हे ओळखले तर तो कधीच हरणार नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. ५ आणि ३ हे आकडे आपण गुप्त ठेवले आणि खेळणाऱ्याला फक्त ७, ६, १ एवढेच दिसले असे समजा. तो फरक काढील : ७ वरून ६ म्हणजे −१, ६ वरून १ म्हणजे −५. पहिल्या फरकाला पाचाने गुणले की दुसरा येतो. गुणक सापडला. आता ७ × ५ = ३५, बाकी ३; पण आला ६, म्हणजे ३ मिळवलेले आहेत. अवघ्या तीन आकड्यांत सगळे गुपित उघड झाले. यंत्रात १६ च्या जागी अब्जांतली संख्या असली तरी दोष याच जातीचा असतो. १९६० च्या दशकात आय.बी.एम. च्या संगणकांवर 'रँडू' नावाची अशी एक रीत सर्रास वापरत. जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ साली दाखवून दिले की असल्या सर्व रीतींचे आकडे तीन-तीन घेऊन अवकाशात बिंदू मांडले तर ते ठरावीक सपाट थरांवरच पडतात. रँडूचे तर सगळे बिंदू अवघ्या १५ थरांत बसतात.

हवामानाचे गणित करायला वा नमुना म्हणून शेते निवडायला इतर चांगल्या रीती पुरतात, कारण तिथे समोर प्रतिस्पर्धी नसतो. जुगाराच्या यंत्रासमोर मात्र प्रतिस्पर्धी बसलेलाच असतो.

यंत्राच्या पोटात

सॅन फ्रान्सिस्कोत १८९० च्या दशकात चार्ल्स फे यांनी केलेल्या यंत्रात तीन चक्रे खरोखर फिरत. दांडा ओढला की ती फिरत आणि जिथे थांबत तिथे निकाल लागे. १९८४ साली इंगे टेलनेस यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले आणि चित्र पालटले. त्यांच्या पद्धतीत आकडा चिप काढते आणि चक्रे कुठे थांबायची ते त्या आकड्यावरून ठरते. चक्रावरच्या एका चित्राला पुष्कळ आकडे आणि दुसऱ्याला एकच आकडा देता येतो. समोर दिसणारी चक्रे पाहून जिंकण्याच्या शक्यतेचा अंदाज बांधता येईनासा झाला. निकाल बटण दाबताक्षणीच लागलेला असतो. चक्रे तो फक्त दाखवतात.

या यंत्रांच्या बाबतीत घडलेल्या चार घटना आपल्या तीन प्रश्नांशी लावून पाहण्यासारख्या आहेत.

१९९४ साली कॅनडात माँट्रियलच्या जुगारघरात एका माणसाने केनो या खेळात २० पैकी १९ आकडे बरोबर सांगितले, तेही लागोपाठ तीन वेळा, आणि सहा लाखांहून अधिक कॅनेडियन डॉलर जिंकले. चौकशीत कळले की यंत्र रोज नव्याने सुरू होताना एकाच 'बीजा'पासून, म्हणजे त्याच पहिल्या संख्येपासून निघत होते. आकड्यांची माळ रोज तीच होती. त्याने काही मोडले नव्हते, फक्त लक्ष देऊन पाहिले होते. त्याला पैसे द्यावे लागले.

रॉन हॅरिस हे नेवाडा राज्याच्या जुगार नियंत्रण मंडळात यंत्रे तपासण्याचे काम करत. यंत्रांची आज्ञावली त्यांच्यासमोर उघडी असे. १९९५ साली तिच्या आधारे आकडे आधीच काढून त्यांनी साथीदाराला अटलांटिक सिटीत केनो खेळायला पाठवले. एक लाख डॉलरचे बक्षीस लागले आणि तिथेच संशय येऊन दोघे पकडले गेले. ज्याने तपासायचे तोच इथे ऋतुपर्ण झाला होता.

२००९ साली रशियाने बहुतेक भागांत जुगारघरे बंद केली आणि तिथली जुनी यंत्रे विकली गेली. सेंट पीटर्सबर्गच्या एका टोळीने तशी यंत्रे मिळवली, उघडली आणि त्यांतला नियम शोधून काढला. २०१४ साली अमेरिकेत मिसुरीतल्या जुगारघराला काही यंत्रे जेवढे घेतात त्याहून जास्त देत आहेत असे आढळले. टोळीचा माणूस सुमारे दोन डझन डाव मोबाइलने टिपून रशियाला पाठवी. तिथे त्यावरून यंत्र आकड्यांच्या माळेत कुठे आहे ते काढत, आणि बटण दाबण्याच्या क्षणाच्या पाव सेकंद आधी त्याच्या हातातला मोबाइल थरथरे. फळ्यावर आपण ७, ६, १ वरून जे केले तेच हे, मोठ्या प्रमाणावर.

चौथी घटना सर्वांत बोलकी आहे. एडी टिप्टन हे अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या एकत्रित लॉटरी संस्थेत माहिती सुरक्षेचे प्रमुख होते. आकडे काढणाऱ्या आज्ञावलीत त्यांनी काही ओळी घुसवल्या. वर्षातल्या तीनच तारखांना, ठरावीक वारी आणि ठरावीक वेळेनंतर, आकडे त्यांना आधी काढता येतील अशा नियमाने निघत. इतर सर्व दिवशी यंत्र अगदी प्रामाणिक होते, त्यामुळे तपासणीत ते उत्तीर्ण होत राहिले. डिसेंबर २०१० मधले १ कोटी ६५ लाख डॉलरचे बक्षीस कोणी उघडपणे मागायला येईना, तेव्हा चौकशी सुरू झाली. २०१५ साली ते दोषी ठरले आणि २०१७ साली त्यांनी कबुली दिली.

म्हणजे लाखो आकडे काढून, मोजून, 'वाटणी सारखी आहे' असा दाखला दिला तरी तो पहिल्याच प्रश्नाचा दाखला असतो.

तक्ते मांडणारे

भिवापूरच्या एका शाळेत शिक्षकांशी या विषयावर बोलताना आम्हाला विचारले गेले, "सर, यंत्राचा आकडा ओळखता येतो म्हणता, मग गावात लोक तक्ते मांडून आकडा काढतात ते काय चूक?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच द्यायला हवे.

मागचे निकाल ओळीने लिहून त्यावरून पुढचा आकडा काढणारे लोक बहुधा म्हणतात, "पाचा खूप दिवस आला नाही, आता येणारच." पाने नीट पिसून काढली असतील तर पानांना कालची आठवण नसते. वीस निकालांत दहापैकी निदान एक अंक मुळीच न येण्याची शक्यता शंभरात सुमारे ७८ आहे. म्हणजे 'तुंबलेला' आकडा जवळजवळ नेहमीच सापडणार, आणि त्याला काही अर्थ नसणार. उलट दहा निकालांत दहाही अंक एकेकदाच येण्याची शक्यता दहा हजारांत चारापेक्षाही कमी आहे.

यंत्र ओळखणाऱ्यांनी निकालांच्या तक्त्यावरून अंदाज बांधला नव्हता. त्यांच्या हाती यंत्राचा नियम होता, किंवा त्याची माळ पुन्हा पुन्हा तीच येत होती. आणि काढणारा लबाड असेल, तर तो लोकांनी जास्त पैसे लावलेलाच आकडा टाळणार. म्हणजे सगळ्यांनी तक्त्यावरून काढलेला आकडाच नेमका येणार नाही.

यंत्र पूर्ण प्रामाणिक असले तरी काय होते तेही पाहू. मटक्यात सर्वसाधारणपणे एका अंकाला रुपयाला नऊ रुपये मिळत. दहा अंकांतला एक लागणार, म्हणजे रुपयामागे सरासरी ९० पैसे परत. हाती येईल ते सगळे पुन्हा लावत गेले तर १०० चे ९०, मग ८१, मग सुमारे ७३ असे होत सातव्या फेरीअखेर सरासरीने ४८ च्या आत येतात. मटक्याला फेरी दिवसाला एक-दोनदा होई. यंत्रावर किंवा मोबाइलवर सात फेऱ्यांना एक मिनिटही लागत नाही. घराघरांतून पैसा लवकर जाण्याचे कारण हा वेगही आहे.

महाराष्ट्रात जुगारघरांसाठी १९७६ साली कायदा झाला होता, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्याने १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत विजेवरच्या यंत्रांना आणि १९९६ साली जहाजांवरच्या खेळांना परवानगी दिली. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने एका अंकावर बक्षीस देण्यास मनाई केली आणि सोडत राज्य सरकारनेच काढावी असे बंधन घातले. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याआधी, २०२३ साली, नागपूरच्या एका व्यापाऱ्याने अशा खेळात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली होती आणि पोलिसांनी फसवणुकीचा गुन्हा नोंदवून गोंदियात रोकड व सोने जप्त केले होते. मोबाइलवरच्या अशा खेळात मडके दिसत नाही, पाने दिसत नाहीत आणि बघणारा तिऱ्हाईतही नसतो. तिन्ही प्रश्नांना तिथे खेळणाऱ्यापाशी उत्तर नसते.

सुरक्षित आकडा

मग भरवशाचा आकडा काढता येतच नाही का? येतो, आणि त्याची गरज जुगाराहून इतरत्र जास्त आहे. बँकेच्या व्यवहारासाठी मोबाइलवर येणारा ओटीपी हा असाच आकडा आहे. १९९५ साली बर्कले विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी दाखवले की नेटस्केपची गुप्त किल्ली घड्याळातल्या वेळेसारख्या, ताडता येणाऱ्या गोष्टींवरून बनत होती. १९९९ साली इंटरनेटवरच्या एका पत्त्यांच्या खेळातही हेच निघाले. ५२ पाने पिसण्याचे प्रकार ८ वर ६७ शून्ये इतके प्रचंड असतात. पण आज्ञावली मध्यरात्रीपासून किती सहस्रांश सेकंद झाले यावरून पिसत होती, आणि दिवसात ते फक्त ८ कोटी ६४ लाख असतात. तेवढे प्रकार संगणक सहज तपासतो.

उपाय तीन आहेत. पहिला, बीज निसर्गातून घ्यायचे. ब्रिटनने १९५७ साली आपल्या प्रीमियम बाँडच्या सोडतीसाठी 'अर्नी' हे यंत्र केले. त्यात निऑनच्या नळ्यांतला विजेचा गोंधळ मोजून आकडे काढत. दुसरा, बीजापासून पुढचे आकडे अशा नियमाने काढायचे की कितीही आकडे पाहिले तरी मागे बीजाकडे जाता येऊ नये. आज बँकांच्या संगणकांत असे नियम असतात. तिसरा उपाय तिऱ्हाइताच्या डोळ्यांची जागा घेतो, आणि तो आपल्या एकी-बेकीच्या खेळात आहे.

दोन मुलांनी मुठीत हवे तेवढे चिंचोके घ्यायचे आणि दोन्ही मुठी एकाच वेळी उघडायच्या. एकूण बेरीज एकी आली तर एक जिंकला, बेकी आली तर दुसरा. एकाने कितीही लबाडी योजली तरी दुसऱ्याने चिंचोके खरोखर यदृच्छेने घेतले असतील तर निकाल निम्मा-निम्माच राहतो. अट एवढीच की आधी मूठ मिटायची आणि मग कोणी बदलायचे नाही. संगणकावर हेच करता येते : प्रत्येकाने आपली संख्या काढायची, तिचा ठसा आधी जाहीर करायचा, आणि सर्वांचे ठसे आल्यावर संख्या उघडून बेरीज करायची. ठशावरून संख्या ओळखता येत नाही आणि ठसा दिल्यावर संख्या बदलता येत नाही. शेकडो जणांत एक जरी प्रामाणिक असला तरी बेरीज प्रामाणिक राहते.

वर्गात हे सगळे एका तासात करून दाखवता येईल. निम्म्या मुलांना नाणे उडवून १०० वेळा छाप-काटा लिहायला सांगावे, निम्म्यांना नाणे न उडवता मनाने लिहायला. मनाने लिहिणारी मुले सलग पाच-सहा छाप लिहायला कचरतात. खऱ्या नाण्यात ते हमखास येतात. वह्या एकत्र केल्या तरी कोणती खरी ते बरेचदा ओळखता येते. त्यानंतर फळ्यावर ७, ६, १ लिहून पुढचा आकडा विचारावा. मग मटक्याचे १०० रुपये सात फेऱ्या खेळवून दाखवावेत. आकडा कोण काढतो, तो आधी कोणाला कळतो आणि कोणाला वळवता येतो, हे तीन प्रश्न ज्या मुलाच्या डोक्यात बसले, ते मूल मोबाइलवरच्या खेळाकडे आणि ओटीपी मागणाऱ्या फोनकडेही सावधपणे पाहील.